नियतीला मतदान लागत नाही

कॅलिफोर्नियातले फ्रीमाँट हे गाव आता मराठी घरांना अनोळखी राहिलेले नाही. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कुणाची भाची लग्न होऊन तिथे गेलेली असते. आईवडील सहा-सहा महिने जाऊन राहून येतात आणि तिथली भारतीय दुकाने, देवळे, संध्याकाळी बागेत भेटणारी आपली माणसे यांच्याबद्दल सांगतात. ज्याच्यावरून या गावाचे नाव पडले त्या जॉन चार्ल्स फ्रीमाँटबद्दल मात्र त्या बोलण्यात कधी काही येत नाही.

फ्रीमाँट अमेरिकन लष्करातला भूमापन करणारा अधिकारी होता. १८४६ च्या सुरुवातीला तो साठेक माणसे घेऊन कॅलिफोर्नियात होता आणि तेव्हा तो मुलूख मेक्सिकोचा होता. त्या एप्रिलमध्ये त्याच्या माणसांनी सॅक्रामेंटो नदीच्या काठी तिथल्या मूळ रहिवाशांची कत्तल केली. बायका-मुलांनाही सोडले नाही. जूनमध्ये अमेरिकन वसाहतवाल्यांनी मेक्सिकोविरुद्ध बंड केले, त्यामागेही तो उभा होता. आणि याच माणसाने १८६१ साली, लिंकनच्याही आधी, यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोरांना मिळालेल्या मिझुरीतल्या मालकांचे गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. लिंकनला तो हुकूम मागे घ्यायला लावावा लागला. या दोन गोष्टी एकाच आयुष्यातल्या आहेत.

त्याचा सासरा टॉमस हार्ट बेंटन हा मिझुरीचा सिनेटर. तीस वर्षे तो सिनेटमध्ये होता आणि देशाने पश्चिमेकडे सरकत राहावे म्हणून त्याने आयुष्यभर किल्ला लढवला. त्याच्या मनात त्या वाटेच्या टोकाला कॅलिफोर्निया नव्हता, आशियाचा व्यापार होता. पॅसिफिकच्या पलीकडे चीन आणि इंडिया आहेत, तिथे पोहोचायचे तर मधला खंड आपला हवा, असा त्याचा हिशेब. सेंट लुइसच्या लाफायेट पार्कमध्ये १८६८ साली त्याचा पुतळा उभारला, त्याच्या चौथऱ्यावर त्याचेच शब्द कोरले आहेत : तिकडे पूर्व आहे, तिकडे इंडिया आहे. पुतळ्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. कोलंबस इंडिया शोधायला निघाला आणि भलत्याच लोकांना ‘इंडियन’ म्हणून बसला, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनीही अमेरिकेचे सिनेटर आपल्याच देशाच्या नावाने वाट काढत होते आणि त्या वाटेत जे ‘इंडियन’ येत होते त्यांना बाजूला करत होते, हे मला तरी खूप उशिरा कळले. म्हणून हा विषय दूरच्या देशाचा आहे असे मला वाटत नाही.

या सगळ्या सरकण्याला एक नाव मिळाले ते १८४५ साली. न्यूयॉर्कच्या एका मासिकाचा संपादक जॉन ओसलिव्हन. तेव्हा वेगळे राष्ट्र असलेले टेक्सास अमेरिकेत सामील करून घ्यावे असा आग्रह धरणारा लेख त्याच्या मासिकाच्या जुलै-ऑगस्टच्या अंकात आला. लेखावर नाव नव्हते, पण तो त्याचाच मानला जातो. ईश्वराने आम्हाला नेमून दिलेल्या या खंडावर पसरणे, दरवर्षी लाखोंनी वाढणाऱ्या आमच्या लोकांच्या मुक्त विकासासाठी पसरणे, ही आमची ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ आहे, असे त्यात म्हटले होते. डिसेंबरात त्याने आपल्या वर्तमानपत्रात ब्रिटनशी चाललेल्या ऑरेगन प्रदेशाच्या वादावर लिहिताना तोच शब्दप्रयोग पुन्हा केला आणि मग तो सगळीकडे झाला.

मराठीत याला उघड नियती म्हणता येईल, दैवाने लिहून ठेवलेले म्हणता येईल. मूळ शब्दांतली खुबी त्या ‘उघड’मध्ये आहे. जे उघड आहे ते सिद्ध करावे लागत नाही. आणि जी नियती आहे ती कुणी ठरवलेली नसते. म्हणजे पुरावा नको आणि कर्ताही नको. आपल्या भाषेत शेतकरी म्हणतो, ‘जमीन धरणात गेली.’ गेली. कुणी नेली? वाक्यात कुणीच नाही. ज्याची गेली त्याच्या तोंडी हे वाक्य हतबलतेचे असते. ज्याने नेली त्यानेच ‘गेली’ म्हटले तर ते वाक्य वेगळे होते. अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराचा इतिहास दीडशे वर्षे याच दुसऱ्या तऱ्हेने सांगितला गेला : सीमा पुढे सरकली, इंडियन मागे हटले, रानगवे संपले, प्रदेश वसला. सगळी क्रियापदे आपली आपणच चालतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या प्रत्येक क्रियापदाला कर्ता होता आणि त्याची नोंद आहे. वॉशिंग्टनच्या संसदेच्या दप्तरात नावे आहेत, बाजूने किती आणि विरोधात किती हे आकडे आहेत. नियतीला मतदान लागत नाही. इथे दर वेळी मतदान झाले आणि कितीतरी वेळा ते अगदी काठावर झाले.

टेक्सासचेच घ्या. १८४४ च्या जूनमध्ये टेक्सास सामील करण्याचा तह सिनेटपुढे आला आणि ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला गेला. तहाला दोन तृतीयांश मते लागतात, ती मिळणे शक्य नाही असे दिसल्यावर वाट बदलली. संयुक्त ठराव आणला, त्याला साधे बहुमत पुरते. फेब्रुवारी १८४५ मध्ये सिनेटने तो २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केला. त्यातले एक मत फिरले असते तर मते समसमान होऊन ठराव पडला असता. ओसलिव्हनचा तो लेख यानंतर चार-पाच महिन्यांनी आला. एका मताने वाचलेल्या ठरावाला त्याने ईश्वराची योजना म्हटले.

आणि तेव्हाच त्याला उत्तरही मिळाले होते. ३ जानेवारी १८४६ ला मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी रॉबर्ट विंथ्रॉप सभागृहात म्हणाले की पसरत जाण्याचा हा नियतीचा हक्क यांकी, म्हणजे अमेरिकन, राष्ट्राखेरीज दुसऱ्या कोणत्या राष्ट्राला कुणी मान्य करेल असे वाटत नाही. ओसलिव्हनचा डिसेंबरातला लेख छापून यायला आठवडा झाला होता, तेवढ्यात त्याची पोकळी एकाने दाखवून दिली होती.

‘काळच तसा होता’ हे वाक्य आपण फार सहज वापरतो. मी स्वतः वापरत आलो आहे, आपल्याकडच्या जुन्या अन्यायांबद्दलही. पण चेरोकी या मूळ रहिवासी टोळीची हकीकत वाचल्यापासून ते माझ्या तोंडून निघत नाही.

चेरोकी जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा या भागांत राहत. ‘सुधारा, म्हणजे तुम्हाला राहू देऊ’ असे त्यांना सांगितले गेले होते आणि त्यांनी ते केले. सेक्वोया नावाच्या एका चेरोकी कारागिराला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने १८२१ पर्यंत आपल्या भाषेची लिपी एकट्याने तयार केली. तिच्यात एकेका चिन्हाला एक पूर्ण अक्षर आहे, आपल्या बाराखडीतल्या का-कि-कु सारखे. त्यामुळे चेरोकी बोलणारा माणूस काही आठवड्यांत वाचायला शिके. १८२७ साली त्यांनी लिखित राज्यघटना केली. १८२८ साली न्यू एकोटा या त्यांच्या राजधानीतून चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वर्तमानपत्र निघू लागले. जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ साली, तेही दोन भाषांत. ही दोन वर्तमानपत्रे जवळजवळ एका वेळची आहेत हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. ज्या समाजात आपले वर्तमानपत्र आहे, घटना आहे, न्यायालय आहे, त्याला ‘रानटी’ म्हणून हाकलायचे तर डोळे मिटूनच घ्यावे लागतात.

१८२९ साली जॉर्जियात डालोनेगाजवळ सोने सापडले. १८३० साली अँड्र्यू जॅक्सनच्या सरकारने मिसिसिपीच्या पूर्वेकडच्या टोळ्यांना नदीपलीकडे हलवण्याचा कायदा आणला. न्यू जर्सीचे सिनेटर थिओडोर फ्रीलिंगहायझन त्याविरुद्ध तीन दिवसांत मिळून सहा तास बोलले. प्रतिनिधिगृहात कायदा १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. विरोधात मत देणाऱ्यांत टेनेसीचा डेव्ही क्रॉकेटही होता, सरहद्दीवरचा शिकारी म्हणून ज्याच्या गोष्टी अमेरिकेत आजही सांगतात. म्हणजे सरहद्दीवरच्या माणसालाही हे चूक आहे हे दिसत होते. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीवर चालणार नाहीत असा निकाल दिला. जॉर्जियाने तो मानला नाही आणि राष्ट्राध्यक्षांनी तो मानायला लावला नाही. त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकींची जमीन आपल्या गोऱ्या नागरिकांना सोडत काढून वाटायला सुरुवात केली. आपल्याकडे घरांची निघते तशी सोडत, पण ज्या घरांत माणसे राहत होती त्या घरांची.

१८३५ च्या डिसेंबरात चेरोकींमधल्या एका लहान गटाकडून न्यू एकोटा इथे तहावर सह्या घेतल्या गेल्या. प्रमुख जॉन रॉस यांनी या तहाला आमची संमती नाही असे सांगणारा अर्ज नेला. त्यावर १५ हजारांहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. सारा समाज मिळून सोळा-सतरा हजारांचा. सिनेटने १८३६ च्या मेमध्ये तह ३१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांशासाठी ३१ च लागत होती. एक मत कमी पडते तर तह पडता.

१८३८ च्या उन्हाळ्यात जनरल विनफील्ड स्कॉटच्या हाताखालच्या सैनिकांनी माणसांना घरांतून, शेतांतून बाहेर काढून छावण्यांत कोंडले. तिथून ओक्लाहोमापर्यंतचा सुमारे हजार मैलांचा प्रवास, बराचसा पायी, ऐन हिवाळ्यात. वाटेत आणि छावण्यांत मिळून चार हजार माणसे गेली असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. चारांतले एक माणूस. या वाटेला अश्रूंची वाट म्हणतात. त्याच काळात हलवल्या गेलेल्या चॉक्टॉ लोकांनी १८४७ साली आयर्लंडमधल्या दुष्काळग्रस्तांसाठी वर्गणी काढून पैसे पाठवले. आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात त्याचे स्मारक आहे. ज्यांना मागासलेले म्हणून हुसकले त्यांनी समुद्रापलीकडच्या उपाशी माणसांसाठी पैसे काढले.

या सगळ्याला कायद्याचा आधार हवा होता, तो न्यायमूर्ती जॉन मार्शल यांनी १८२३ च्याच एका निकालात देऊन ठेवला होता. ख्रिस्ती युरोपीय राष्ट्राने एखादी भूमी ‘शोधली’ की तिचे स्वामित्व त्या राष्ट्राकडे जाते आणि मूळ रहिवाशांकडे फक्त राहण्याचा हक्क उरतो, असे ते तत्त्व. त्याची मुळे पंधराव्या शतकातल्या पोपच्या आज्ञापत्रांत आहेत. १४५५ च्या आज्ञापत्राने आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे जाणाऱ्या पोर्तुगालला बिगरख्रिस्ती मुलूख जिंकण्याची मुभा दिली, १४९३ च्या आज्ञापत्राने स्पेनला पश्चिमेकडचा. १५१० साली आल्बुकर्क गोव्यात उतरला तो याच शिदोरीवर. म्हणजे गोवेकर आणि चेरोकी एकाच कागदाचे बळी आहेत असे म्हटले तर फार ताणलेले होणार नाही. व्हॅटिकनने हे तत्त्व नाकारले ते २०२३ च्या मार्चमध्ये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००५ साली, ओनायडा या टोळीच्या जमिनीच्या खटल्यात, त्याचा आधार घेतला होता आणि तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती होत्या रूथ बेडर गिन्सबर्ग, उदारमतवाद्यांच्या आदराचे स्थान असलेल्या.

मेक्सिकोकडे वळू. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी रद्द केली होती. टेक्सासमध्ये गेलेल्या अमेरिकन कापूसवाल्यांना ती हवी होती. १८३६ साली त्यांनी वेगळे राष्ट्र जाहीर केले आणि त्याच्या घटनेत गुलामगिरीला संरक्षण दिले. म्हणजे ‘मुक्त विकासासाठी’ जो मुलूख हवा होता त्यात माणसे विकत घेण्याचे स्वातंत्र्यही धरलेले होते. १८४६ साली राष्ट्राध्यक्ष पोक यांनी टेक्सास-मेक्सिको सरहद्दीवरच्या वादातल्या पट्ट्यात सैन्य पाठवले, तिथे चकमक झाली आणि ‘अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडले’ म्हणून युद्ध पुकारले. इलिनॉयमधून नुकताच निवडून आलेला अब्राहम लिंकन सभागृहात उभा राहिला आणि त्याने विचारले, ती जागा नेमकी कोणती ते दाखवा. ३ जानेवारी १८४८ ला प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी ठरवले की हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी अनावश्यकपणे आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केले. त्या युद्धात लढलेला तरुण अधिकारी युलिसिस ग्रँट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. आयुष्याच्या अखेरीस आठवणी लिहिताना त्याने नोंदवले की बलवानाने दुबळ्याविरुद्ध केलेल्या सर्वांत अन्यायी युद्धांपैकी ते एक होते.

याच युद्धाच्या वेळी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावात हेन्री डेव्हिड थोरो यांनी कर भरायचे नाकारले आणि एक रात्र तुरुंगात काढली. गुलामगिरीला आणि या युद्धाला माझ्या पैशाचा हातभार नको, हे कारण. त्यावर त्यांनी जो निबंध लिहिला तो पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडला. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर आणि चिरनेरच्या जंगलात माणसे जो कायदा मोडत होती, त्या मोडण्यामागच्या विचाराचा एक धागा मेक्सिकोवरच्या त्या युद्धाला झालेल्या विरोधापर्यंत जातो. विरोध करणारे हरले होते, तह झाला, मुलूख गेला. पण त्यांचे हरणे वाया गेले नाही.

२ फेब्रुवारी १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा सुमारे सव्वापाच लाख चौरस मैल मुलूख अमेरिकेला मिळाला. चार महाराष्ट्र त्यात मावून जागा उरेल. बदल्यात दीड कोटी डॉलर. तहाच्या नऊच दिवस आधी कॅलिफोर्नियात सटरच्या लाकूडगिरणीजवळ सोने सापडले होते, सह्या करणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती.

पण सगळा मेक्सिको का घेतला नाही? राजधानी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होती. सगळा देश घ्या अशी मागणी वर्तमानपत्रांतून जोरात चालली होती. थांबवणाऱ्यांत एक मोठा आवाज होता साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जॉन कॅल्हून यांचा. ते गुलामगिरीचे कट्टर समर्थक. १८४८ च्या जानेवारीत त्यांनी सिनेटला सांगितले की आपले सरकार गोऱ्या वंशाचे सरकार आहे, मेक्सिकोतल्या इंडियन आणि मिश्र रक्ताच्या लाखो लोकांना त्यात सामावणे ही चूक ठरेल. जिथे माणसे विरळ होती तो उत्तरेकडचा भाग घेतला, जिथे दाट होती तो सोडला. ईश्वराने नेमून दिलेल्या खंडाची हद्द जनगणना पाहून आखली गेली. मॅनिफेस्ट डेस्टिनीच्या विचारसरणीत वंश कुठे बसतो याची चर्चा विद्वान करत असतात. मला वाटते कॅल्हून यांच्या भाषणाने ती संपवली आहे.

कॅलिफोर्नियात पुढे काय झाले ते सांगताना हात जड होतो. राज्याचे पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी जानेवारी १८५१ च्या अहवालात लिहिले की इंडियन वंश नामशेष होईपर्यंत संहाराचे युद्ध चालूच राहील, आणि ते टाळणे माणसाच्या हातात नाही असे सुचवले. इथे पुन्हा तोच कर्ता नसलेला सूर. प्रत्यक्षात स्वयंसेवक टोळ्यांचा खर्च राज्याने दिला आणि केंद्र सरकारने त्यातला बराच भरून दिला. म्हणजे बिले होती, मंजुरीच्या सह्या होत्या. १८५१-५२ मध्ये टोळ्यांशी १८ तह झाले. सिनेटने ते गुप्त बैठकीत फेटाळले आणि १९०५ पर्यंत कागद बंद ठेवले. मूळ रहिवाशांची संख्या १८४६ च्या सुमारास दीड लाखाच्या आसपास होती, १८७० च्या दरम्यान ती तीसेक हजारांवर आली असे अंदाज आहेत. २०१९ साली गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी याला वंशसंहार हा शब्द वापरून राज्यातर्फे माफी मागितली.

आता दुसरी बाजू, आणि ती मला टाळायची नाही.

१८६२ चा होमस्टेड कायदा. पाच वर्षे जमीन कसा, घर बांधून राहा, १६० एकर तुमची. या कायद्याने पुढच्या काळात सुमारे २७ कोटी एकर जमीन सोळा लाखांच्या आसपास अर्जदारांना मिळाली. त्यात नॉर्वेचे, जर्मनीचे, आयर्लंडचे गरीब होते, ज्यांच्या बापजाद्यांनी कधी स्वतःची जमीन पाहिली नव्हती. १८७९ च्या सुमारास दक्षिणेतून पळून कॅन्ससला गेलेले हजारो मुक्त कृष्णवर्णीय होते. जमीनदाराच्या पायाशी पिढ्या घालवलेल्या माणसाला जमिनीचा तुकडा मिळणे म्हणजे काय, हे कुळकायद्याच्या महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. त्या माणसांचा आनंद खरा होता, कष्ट खरे होते. त्यांना दोषी ठरवून मला काहीच साधायचे नाही.

आणि जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. ती अर्पणपत्रिका मला फार मोठी वाटते. पुण्यात बसून एक माणूस दुसऱ्या खंडातल्या न्यायाचा गौरव करतो आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा धरतो. त्याच सुमारास, १८७२ साली, जॉन गॅस्ट नावाच्या चित्रकाराने मॅनिफेस्ट डेस्टिनीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र काढले. पांढऱ्या वस्त्रातली, कपाळावर तारा असलेली एक गोरी स्त्री पश्चिमेकडे तरंगत चालली आहे, एका हातात शाळेचे पुस्तक, दुसऱ्या हाताने तारायंत्राची तार सोडते आहे. मागे रेल्वे, शेतकरी. पुढे डावीकडच्या अंधारात मूळ रहिवासी आणि रानगवे पळत आहेत. प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांच्या एका प्रकाशकाने ते त्याच्याकडून काढवून घेतले होते.

फुल्यांनी ज्यांना नमस्कार केला ती अमेरिका आणि गॅस्टने रंगवली ती अमेरिका, दोन्ही खऱ्या होत्या, आणि पुष्कळदा माणसेही तीच होती. २६ डिसेंबर १८६२ ला मिनेसोटातल्या मँकेटो गावात डकोटा या मूळ रहिवासी टोळीतल्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. ३०३ जणांना शिक्षा झाली होती, लिंकनने स्वतः कागद तपासून बहुतेकांची नावे वगळली आणि उरलेल्यांवर सही केली. त्यानंतर सहाव्या दिवशी त्याने गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. एकच हात. यातून कुणी म्हणेल की मग सगळेच सारखे, कुणाचेच कौतुक करू नका. मला उलट दिसते. ज्या माणसाला तीनशे फाशींमधून अडीचशेहून अधिक नावे खोडता आली, त्याच्यापुढे निवड होती. निवड होती म्हणूनच त्याच्या सहीचे मोलही आहे आणि जबाबदारीही. सगळे नियतीवर टाकले तर मुक्तीच्या जाहीरनाम्याचे श्रेयही नियतीलाच द्यावे लागेल.

अशी निवड सामान्य माणसांपुढेही होती. २९ नोव्हेंबर १८६४ ला कोलोराडोत सँड क्रीकच्या काठी कर्नल चिव्हिंग्टनच्या सैनिकांनी शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला. ब्लॅक केटल या प्रमुखाने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावला होता, असे केले की सुरक्षित राहाल असे त्याला सांगितले गेले होते. सुमारे २३० माणसे मारली गेली, बहुतेक बायका, मुले, म्हातारे. त्या दिवशी कॅप्टन सायलस सूल यांनी आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. नंतर चौकशीत त्यांनी चिव्हिंग्टनविरुद्ध साक्ष दिली आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्यांना गोळी घालून मारले गेले. वय २६. तोच काळ, तीच सेना, तेच हुकूम.

हे आत्ता लिहावेसे वाटले कारण तो शब्द परत आला आहे. २० जानेवारी २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकेची मॅनिफेस्ट डेस्टिनी आता ताऱ्यांपर्यंत नेऊ, मंगळावर झेंडा रोवू असे सांगितले. ग्रीनलंड, पनामा कालवा, कॅनडा ही नावे त्या महिन्यांत पुन्हा पुन्हा घेतली गेली. जुलैमध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने गॅस्टचे ते चित्र, पळणाऱ्या माणसांसकट, अभिमानाचा वारसा म्हणून प्रसारित केले. मंगळावर कुणी राहत नाही हे खरे. ग्रीनलंडमध्ये छप्पन-सत्तावन्न हजार माणसे राहतात आणि त्यातले बहुसंख्य इनुइट आहेत. १८४५ साली हा शब्द निघाला तेव्हा त्याच्या वाटेत कोण येणार हे निदान भविष्यात होते. आज त्याची मृतांची यादी हातात असताना तो वापरणे ही निवडच आहे, आणि तिच्यावर निवड म्हणूनच बोलले पाहिजे.

आपण मराठी माणसे त्यात कुठे येतो? आपली मुले ज्या विद्यापीठांत शिकतात त्यांतली कितीतरी, कॉर्नेल, पर्ड्यू, इलिनॉय, टेक्सास ए अँड एम, १८६२ च्या मॉरिल कायद्याने मिळालेल्या जमिनीच्या पैशांवर उभी राहिली, आणि ती जमीन टोळ्यांकडून घेतलेली होती. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे असेच एका शेतकी कॉलेजात, ऑरेगनच्या, शिकले आणि पुढे त्यांना आसरा मिळाला तो निम्मा मुलूख गमावलेल्या मेक्सिकोत. आपल्या मुलांनी तिथे शिकू नये असे मी म्हणत नाही. ज्या गावात आपण घर घेतो, देऊळ बांधतो, गणपती बसवतो, त्या गावची जमीन कुणाची होती हे विचारण्याइतका आपला तिथे हक्क आणि जबाबदारी दोन्ही आहेत, कारण आता आपण तिथे पाहुणे नाही.

फ्रीमाँटपुरते उत्तर असे आहे. ती भूमी ओलोनी लोकांची. १७९७ साली तिथे सान होसे हे स्पॅनिश मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे ठाणे, उभे राहिले, ती वास्तू पुन्हा बांधलेल्या रूपात आजही गावात आहे. त्या मिशनमध्ये नेलेल्या कुटुंबांचे वंशज मुवेक्मा ओलोनी या नावाने संघटित आहेत. १९२५ साली एका नामांकित मानववंशशास्त्रज्ञाने त्यांचा समाज व्यवहारतः नामशेष झाल्याचे छापले. पुढे त्याने ते मत बदलले, पण छापलेले राहिले. २००२ साली केंद्र सरकारने त्यांना अधिकृत टोळी म्हणून मान्यता द्यायला नकार दिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातले काही जण घोडे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले, मान्यता मागायला, वॉशिंग्टनच्या दिशेने, पूर्वेकडे.